पाणी टाका आणि पुढे चला

गाडीतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव्य, कमी होतंय? घाबरू नका. पाच-सात वर्षांची झाली की गाडी प्यायला लागते, असं समजायचं. माणूसही उन्हाळ्यात जास्त पाणी पितोच की.

एखादा अतिशहाणा तुम्हाला सांगेल, की कूलंट म्हणजे काही पेट्रोल नव्हे, जळून संपायला. ते बंद चक्रात फिरतं: इंजिन, होस पाईप, रेडिएटर आणि परत इंजिन. तेव्हा पातळी उतरली याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर पडतंय, नाहीतर सिलिंडरमध्ये जातंय, नाहीतर ऑइलमध्ये. चौथी वाट नाही. अशा माणसाला चहा पाजावा आणि क्रिकेटचा विषय काढावा. मी चार महिने काढला.

तर पहिलं काम, पाणी टाकत राहणं. कुठलं टाकायचं? सोसायटीच्या बोअरचं उत्तम. ज्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर वर्षभरात पांढरी साय धरते, त्याच पाण्याची साय रेडिएटरच्या बारीक नळ्यांना का म्हणून नाकारायची? डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्यांसाठी असतं, कूलंट बर्फाळ देशातल्या लोकांसाठी. ते पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं, गंज रोखतं, असलं बारीक अक्षरातलं काही वाचू नका. अगदी टाकायचंच असेल तर रंग बघून टाका. आत हिरवं असेल तर वरून गुलाबी ओता. दोन्हींमधली रसायनं वेगळी असतील तर आत कधीकधी जेलीसारखा गाळ धरतो. धरला तर गळतीही आपोआप थांबेल की. बाकी सगळंही थांबेल म्हणा. (थट्टेबाहेरची एकच गोष्ट: हे द्रव्य चवीला गोड आणि पोटात गेलं तर विष असतं. पार्किंगमध्ये सांडलेलं कुत्रं-मांजर चाटतं. तेवढं मात्र लगेच धुवा.)

आता गळती शोधण्याबद्दल. खरं तर शोधूच नये. पण घरचे फारच मागे लागले तर चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी शोधावी.

एसी लावून तासभर फिरून या आणि गाडीखाली बघा. पाण्याचं थारोळं असेल. ओरडा. ते बिनरंगी आणि बिनवासाचं आहे, बोटाला चिकटत नाही, म्हणजे एसीचं पाणी आहे, हे कुणी दाखवून दिलं तरी मागे हटू नका. उलट, खाली एक थेंबही नसेल तर गळती नाहीच, असं जाहीर करा. माझ्या गाडीखाली मी रात्रभर खोक्याचा पुठ्ठा अंथरला होता. सकाळी कोरडा ठणठणीत. तो पुठ्ठा मी पुरावा म्हणून घरात आणला.

बायको म्हणाली, "अहो, पण गाडीत गूळ उकळल्यासारखा वास येतो."

"पेढे आणले होते ना मागच्या महिन्यात," मी म्हणालो, आणि डॅशबोर्डवर चंदनाचा परफ्यूम चिकटवला. तुम्ही मोगऱ्याचाही घेऊ शकता.

बॉनेट उघडून इंजिन बघायचं झालं तर उभ्या-उभ्या, कमरेवर हात ठेवून बघा. वरचा मोठा पाईप दिसेल, बॅटरी दिसेल, एअर फिल्टरचा डबा दिसेल. मान हलवा. टॉर्च घेऊन वाकू नका, कारण वाकलात तर भलतंच काही दिसायचं. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमच्या जाळीला दाबून बसवलेली असते तो सांधा, वॉटर पंपाच्या पोटाला असलेलं इवलंसं भोक (तिथून ओघळ आला म्हणजे आतलं सील गेलं), होसच्या टोकांवरच्या क्लिपा. अशा जागी गळून वाळलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवट थर बसतो, मिठागराच्या कडेला बसतो तसा. तो दिसला की संशय येतो, आणि संशय आला की खर्च आला.

सगळ्यात जास्त सांभाळून राहा ते प्रेशर टेस्टरपासून. सायकलच्या पंपासारखं हातात मावणारं हत्यार असतं. इंजिन गार असताना रेडिएटरच्या झाकणाच्या जागी ते बसवतात, झाकणावर ०.९ किंवा १.१ असा जो आकडा छापलेला असतो तेवढा दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसतात. काटा पडला तर गळती आहे, आणि दाबामुळे ती बहुतेकदा स्वतःच फुस्स करून आपली जागा सांगते. एवढ्या कमी पैशांत इतकं स्पष्ट उत्तर मिळणं आपल्या स्वभावाला झेपत नाही. मला माझ्या गॅरेजवाल्याने दोनदा विचारलं होतं, "साहेब, प्रेशर लावून बघू का?" मी दोनदा घाईत होतो.

त्यापेक्षा वरच्या मजल्यावरचे काका बरे. "अरे, हळद टाक. आमच्या वेळी ट्रकवाले दुसरं काय करायचे?" ही विद्या खरोखरच जुनी आहे. हळदीची पूड पाण्यासोबत फिरते, बारीक भोकात जाऊन बसते आणि भोक बुजतं. पण भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली, हे हळदीला कळत नाही. मी हा बारकावा काकांना विचारला नाही. दोन मोठे चमचे टाकले. पातळी तरीही उतरत राहिली, म्हणून आणखी दोन टाकले. स्वयंपाकातही आपण असंच करतो.

यानंतर सहल काढावी. मे महिना, पाच माणसं, डिकीत आंब्याची पेटी, एसी फुल, आणि रस्ता खंबाटकीचा. साताऱ्याकडे जाताना तेव्हा घाट चढावाच लागायचा, त्यामुळे परीक्षा चांगली व्हायची. अर्ध्या चढात टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. काकांचाच दुसरा सल्ला आठवला, की हीटर लावला की इंजिनची उष्णता केबिनमध्ये येते. लावला. आणि काय सांगू, मे महिन्यात हीटरमधून गार हवा! पाठोपाठ काटाही झपकन खाली आला. मी खूश. हीटरपर्यंत पोचायला आत पाणीच उरलं नव्हतं, आणि काट्याचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला होता, हे मला नंतर कळलं. तोवर बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती.

इथे मी एक संधी गमावली, ती तुम्ही गमावू नका असं म्हणणार होतो: गाडी थांबल्याबरोबर रेडिएटरचं झाकण उघडणं. दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते एका क्षणात उसळून वाफेसकट तुमच्या तोंडावर येतं. तेवढ्यात मागून एक ट्रकवाला ओरडत आला, "ओ भाऊ, हात काढा!" आणि माझा हात धरून त्याने मला बाजूला ओढलं. लोक दुसऱ्याचा आनंद बघू शकत नाहीत. गरम इंजिनात गार पाण्याची बाटली ओतायलाही त्याने मनाई केली. म्हणे, हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणासारख्या भागाला, तडा जाईल.

गाडी टोचन करून गॅरेजला आली. सकाळी इंजिन गार झाल्यावर ऑइलचं झाकण काढलं, तर आतल्या बाजूला कॉफीवर येतो तसा फेस. ऑइलमध्ये पाणी. मग एकदाचा तो प्रेशर टेस्टर लागला. काटा पडत गेला, आणि इंजिनच्या मागे, केबिनच्या पत्र्याला लागून हीटरचा होस आत जातो तिथून फुस्स आवाज आला. क्लिप ढिली. गाडी गरम झाली आणि दाब चढला की तिथून थेंब सुटायचा, खालच्या तापलेल्या भागावर पडून तिथेच वाफ व्हायचा. पुठ्ठा बिचारा कोरडा. गुळाचा वास तेवढा केबिनमध्ये.

हेड उतरवलं. वाकलेलं होतं. फेसिंग (घासून सपाट करणं), नवं गॅस्केट (हेडखालची सीलपट्टी), नवं ऑइल. मग रेडिएटर बाहेर काढून गॅरेजवाल्याने तोंडातून टॉर्च मारला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "फोडणी कुणी दिली?"

रेडिएटरही नवा.

बिल झालं २३,४०० रुपये. मी एकेक ओळ वाचली. क्लिप कुठे दिसेना, म्हणून विचारलं.

"चाळीस रुपयांची होती. नाही धरली," तो म्हणाला. "राहू द्या साहेब, एवढं काय."