बाजारकाका आणि माझी बादली

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं, त्याची सवय झाली होती. परवा त्यात सोसायटीचा पंप जळाला. मग टँकरचा पाइप थेट पार्किंगमध्ये, आणि आम्ही बादल्या घेऊन रांगेत. माझी बादली तिसरी. फोन घ्यायला जरा बाजूला झालो, तर तिच्यापुढे एक निळा ड्रम उभा! शेजारी बी विंगचे बाजारकाका. वॉचमन छताकडे बघत होता.

"काका, रांग आहे."

"अरे, रांग हेच तर दुखणं आहे," पाइप ड्रममध्ये सोडत काका म्हणाले. "मी ह्याला पन्नास दिले. त्याला पैसे हवे होते, मला पाणी. दोघं खूश. वस्तूची खरी किंमत अशी कळते."

"आणि मी?"

"तू शंभर द्यायचेस. कोणी अडवलं होतं?"

काकांची पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेची, श्रद्धा मात्र खुल्या बाजारावर. गुडघेदुखीपासून पावसापर्यंत सगळ्याचं कारण एकच: सरकारी हस्तक्षेप. पाण्याचं खासगीकरण करा, टंचाई गायब!

मी बोलिव्हियातलं कोचाबांबा काढलं. तिथं पाणी खासगी कंपनीकडे गेलं, दर भडकले, लोक रस्त्यावर आले आणि २०००च्या एप्रिलमध्ये सरकारला करार गुंडाळावा लागला.

"तो खरा बाजार नव्हताच," काका ड्रमवरून नजर न हलवता म्हणाले. "ती मक्तेदारी."

आमचे मामा लाल झेंड्यावाले. सोव्हिएत राजवटीनं कापसापायी अरल समुद्र आटवला म्हटलं, की तेही असंच म्हणतात, "तो खरा समाजवाद नव्हताच." ह्या दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी, असं फार दिवस मनात आहे.

बहीण म्हणते, अशा माणसांशी वाद घालू नये, प्रश्न विचारावा. विचारला. "काका, काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?"

"मत? अरे, हे मत नाही. शास्त्र आहे."

१९१९ साली व्हिएन्नात तरुण कार्ल पॉपरनं (पुढे विज्ञानाचा तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला) मानसशास्त्रज्ञ अॅडलरला एका मुलाची केस सांगितली. त्यानं मुलाला न बघताच ती आपल्या न्यूनगंडाच्या सिद्धांतात चपखल बसवली. एवढी खात्री कशी? तर म्हणे, हजारपट अनुभव. ह्या केसनंतर तो एक हजार एकपट झाला असेल, असं पॉपरनं सुनावलं. पॉपरचं बरं होतं, त्याला पाणी भरायचं नव्हतं. काकांचा ड्रम भरेस्तोवर टँकर खडखडू लागला. माझ्या वाट्याला अर्धी बादली, तीही गढूळ. त्यावर काकांचं भाष्य: "बघ, टंचाईत किंमत वाढतेच. सिद्ध झालं."

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. टँकरचं बिल सगळ्या फ्लॅटना सारखंच वाटून आलं होतं. मी उठून म्हणालो, "घरटी पाण्याचे मीटर बसवू. जो जितकं वापरेल तितकं त्यानं भरावं." शुद्ध बाजार! काकांकडे आशेनं पाहिलं. त्यांच्याकडे दोन बाथरूम, गच्चीत चाळीस कुंड्या आणि रोज धुतली जाणारी गाडी.

काकांनी चष्मा काढून पुसला. "मीटर कसले लावतोस? आपण सगळे एका कुटुंबासारखे. इथं हिशेब कसला?"

टाळ्या पडल्या. ठराव बारगळला. टाळ्या वाजवणाऱ्यांत वॉचमनही होता.