सेकंड पीयूसी सुटली, आता तोंड उघडू नकोस

बारावीचा निकाल लागला, आपला बेळगावी कुंदा वाटून झाला, शेजारच्या काकूंनी तुझे टक्के विचारून आपल्या पोराच्या टक्क्यांशी ताडून पाहिले. आता दोन महिने एकच पथ्य पाळ. तुला काय आवडतं, हे कुणाला सांगू नकोस. पाहुणे विचारतील, "मग, पुढं काय?" विचारणाऱ्याकडं उत्तर तयार असतं. तू फक्त चिवड्याची बशी पुढं करायची आणि "बघूया की" म्हणायचं.

डिग्री निवडायची ती स्कोप बघून. स्कोप गल्लीतल्या मोकाट गाईसारखा असतो. काल ज्या दारात बसलेली, तिथं आज फक्त शेण. मी शाळेत होतो तेव्हा ही गाय डी.एड.च्या दारात रवंथ करत होती. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दारात गेली, मग काही दिवस सिव्हिलच्या. सध्या कॉम्प्युटर सायन्सच्या दारात आहे आणि तिच्या गळ्यात कुणीतरी एआयची घंटा बांधलीय. बीईला चार वर्षं लागतात. तू कागद घेऊन बाहेर पडशील तेव्हा ती कुठं असेल, असले प्रश्न काढू नकोस. आत्ता शेपटीला हात लाव, पाया पड आणि फी भर. साधी डिग्री किती वर्षांची असावी हे सरकारलाही ठरवता आलेलं नाही. कर्नाटकात २०२१ साली ती चार वर्षांची झाली, २०२४ मध्ये पुन्हा तीन. तुझं मात्र सतराव्या वर्षी सगळं पक्कं पाहिजे.

कमाईचा हिशेब चोख ठेवायचा. आमच्या नात्यातल्या एका काकांनी तो लग्नपत्रिकेच्या पाठीवर करून दाखवला. वर लिहिलं "साडेतीन लाख", खाली दोन रेघा मारल्या. झाला हिशेब. मोठ्या आयटी कंपन्या नव्या पोराला वर्षाला एवढ्याच्या आसपास देतात आणि हा आकडा दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही. काकांना ते ठाऊक होतं. म्हणाले, "बघ, किती स्थिर आहे." मी त्याला बारानं भागायला गेलो, तर त्यांनी पेनच काढून घेतलं. पॅकेज वर्षाचं सांगायचं असतं, पीजीचं भाडं महिन्याचं द्यायचं असतं. हे दोन आकडे एका कागदावर आणणं अशुभ. दिवाळीला बेंगळूरहून यायला राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन मिळत नाही आणि खासगी बसवाला सण बघून दर लावतो. तो खर्च "गावाची ओढ" या खात्यात टाकायचा.

आपल्या उद्यमबागेचं, त्या कारखान्यांच्या वसाहतीचं, तर नावच काढू नकोस. तिथल्या एका फाउंड्रीत ओळखीचा मोल्डर आहे. भट्टीतल्या रसाचा नुसता रंग बघून सांगतो, "थांब अजून" किंवा "ओत आता." ओव्हरटाइम करकरून त्यानं पोराला मेकॅनिकलला घातलं. इंजिनिअरिंगचं विद्यापीठ व्हीटीयू १९९८ पासून आपल्याच बेळगावात आहे, त्यामुळं कागद घरच्या घरी मिळाला. पोरगा आता बेंगळूरला रात्रभर हेडफोन लावून परदेशी गिऱ्हाइकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देतो. इकडं फाउंड्रीचे मालक माणूस मिळत नाही म्हणून कपाळाला हात लावून बसलेत आणि बाप जळक्या बोटांनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून दाखवतो, "एसीत असतोय."

आता आवडीचं. आवड जरूर असावी, फक्त ती दुसऱ्याच्या घरी असावी. कुमार गंधर्व १९२४ साली आपल्या सुळेभावीत जन्मले, हे आपण बाहेरच्या पाहुण्याला छाती फुगवून सांगतो. बेळगावात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. खरं घरातल्या पोरानं तंबोरा उचलला की आई म्हणते, "आधी डिग्री घे, मग काय ते बोंबल." गाणं शिकायची इतकी हौस असेल तर आधी गंधर्व होऊन ये.

आणि मराठी? थंडीत एक चक्कर मार. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी, गावोगाव साहित्य संमेलनं. ग्रंथदिंडी निघते, पालखीत ज्ञानेश्वरी, पुढं लेझीम, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका. अशाच एका दिंडीत एक गृहस्थ पालखीला खांदा देऊन चालले होते. भगवा फेटा, आवाज बसलेला. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या, एक नोव्हेंबरच्या सायकल फेरीत दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून पुढं असणारा माणूस. शेजारी मुलगी, नववारीत, हातात पताका, वर्गात मराठीत पहिली. मी सहज विचारलं, पुढं काय करणार? तिनं आधी बापाकडं बघितलं, मग हळूच म्हणाली, "बीए. मराठी घेऊन."

पालखी जागच्या जागी थांबली. खांदा न बदलता गृहस्थ म्हणाले, "मराठीसाठी जीव देऊ की ओ. खरं मराठी घेऊन पोटाला काय खाईल ती?" मागच्या टाळकऱ्यांनीही माना डोलावल्या, तालात. पोरगी आता बीकॉमला आहे. पुढच्या संमेलनात स्वागतगीत तिच्याकडंच दिलंय.

तरी मराठीला अगदीच स्कोप नाही असं नव्हे. आपल्याला पुण्याच्या पोरांपेक्षा एक सोय जास्त आहे: आपण दोन राज्यांत नापास होऊ शकतो. कर्नाटकची सीईटी देऊन झाली की महाराष्ट्राची द्यायची. तिकडं इंजिनिअरिंगला सीमाभागातल्या मुलांसाठी "टाइप ई" म्हणून वेगळा प्रकार आहे. इथं राहत असल्याचा दाखला लागतो, आणि मातृभाषा मराठी असल्याचाही. एवढ्या वर्षांत आपल्याला ही भाषा येते याचा रोख उपयोग होतो तो इथंच. दाखला मागायला गेलास की कन्नडमध्ये बोल, काम लवकर होतं.

राहिली ऑप्शन एन्ट्री, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीची यादी भरणं. ती घरी करायची नसते, सायबर कॅफेत करायची असते, मागं तिघांनी उभं राहून. सीट लागल्यावर चार चॉइस मिळतात. पहिला, हीच सीट घेतो. दुसरा, ही धरून ठेवतो, बरी मिळाली तर बघू. तिसरा, ही नको, पुढच्या फेरीला थांबतो. चौथा, मी निघालो. चारही वाचायची तुला पूर्ण मोकळीक आहे. बटण दाबायला मामा आहेत.

माझ्या भाच्याचा मामा मीच. गेल्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा सायबरवाल्यानं रँक विचारायच्या आधीच सीएस, आयएस, एआय-एमएल असे कॉम्प्युटरच्या शाखांचे कोड भराभर टाकायला घेतले. सकाळपासून सगळ्यांची हीच यादी, म्हणाला. भाच्यानं घसा खाकरला. "मामा, ते आर्किटेक्चर..."

"गप की," मी म्हणालो. "दोन प्रिंट काढा ओ."

प्रिंट निघेपर्यंत मी वर बघितलं. झेरॉक्स मशीनच्या वर भिंतीला एक बीईची डिग्री लावलेली, इलेक्ट्रॉनिक्स, फर्स्ट क्लास, नाव सायबरवाल्याचंच. मी म्हटलं, छान, कौतुकानं लावलीय.

"नाही ओ," तो म्हणाला, "लॅमिनेशनचा नमुना आहे. चाळीस रुपये. तुमचं करायचं काय?"