एबीएस-ट्रॅक्शनच्या लायटी लागल्या की "फ्यूज काढा आणि चालवा" हा सल्ला का ऐकू नये

जुन्या फोर बाय फोर गाड्यांबद्दल एक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुमच्यापर्यंतही आला असेल. त्यात म्हटलंय की डॅशबोर्डवर एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (घसरून भिरभिरणारं चाक आवरणारी सोय) यांच्या लायटी एकदम लागल्या तर टेन्शन घेऊ नका, साधा ब्रेक तर लागतोच. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचाच घोळ असतो, बॅटरीची वायर थोडा वेळ काढून परत लावा, नाही गेल्या तर सेन्सर बदला, स्कॅनर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून बघा, त्यात काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, आणि काहीच जमलं नाही तर एबीएसचा फ्यूजच काढून टाका, ऑफरोडला एबीएस लागतंच कुठे.

यातल्या एक-दोन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत म्हणून लोकांना पटतं. पण दोन टनांची गाडी उतारावर थांबवायचा प्रश्न आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

"साधा ब्रेक तर लागतोच"

सगळ्यात आधी लाइटचा रंग बघा. मेसेजमध्ये रंगाचा उल्लेखच नाही आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप त्यालाच आहे. पिवळी एबीएस किंवा ट्रॅक्शनची लाइट म्हणजे ती सिस्टीम बंद पडलीय, पण पेडलपासून चाकापर्यंतचा ब्रेक बहुतेक वेळा शाबूत आहे. लाल ब्रेक लाइट वेगळी. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही लाल लाइट पेटलेली असेल तर ब्रेक ऑइल कमी झालंय, किंवा ईबीडी (ते काय ते खाली सांगतो) गेलंय, किंवा काही गाड्यांमध्ये ब्रेकला मदत करणारं प्रेशरच उरलेलं नाही. पिवळीसोबत लाल पण लागली असेल तर गाडी हलवायची नाही, आधी कारण शोधायचं.

ईबीडी म्हणजे ब्रेक दाबल्यावर मागच्या चाकांना किती प्रेशर जाऊ द्यायचं ते ठरवणारी सोय. जुन्या गाड्यांत हे काम एक साधा व्हॉल्व्ह करायचा, नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तो काढून टाकला आणि काम एबीएसच्या मॉड्यूलकडे, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरकडे, दिलं. एखादा सेन्सर गेला तर मॉड्यूल बऱ्याचदा एबीएस बंद करून ईबीडी चालू ठेवतं, म्हणून पिवळी लागते पण लाल लागत नाही. आता तुम्ही फ्यूज काढला की मॉड्यूलच मेलं, ईबीडीपण गेलं, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडीची शेपूट फिरू शकते. म्हणजे छोट्या बिघाडाचा आपण हातानं मोठा बिघाड करतो.

दुसरं, सगळ्या गाड्यांना इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा डबा) नसतो. पी-38 रेंज रोव्हर किंवा लँड क्रूझर 100 सारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक पंप ब्रेक ऑइलचं प्रेशर तयार करतो आणि ते अ‍ॅक्युम्युलेटर नावाच्या टाकीत साठवून ठेवतो, पाय ठेवल्यावर मदत तिथून येते. अशा गाडीत लाल आणि पिवळ्या लायटी एकत्र लागल्या आणि बझर वाजला तर "साधा ब्रेक लागतोच" हे वाक्य सरळ खोटं ठरतं, पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी जेमतेम थांबते. घरच्या घरी चेक करता येतं. गाडी सपाटीवर उभी करून चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची ओट लावा, इग्निशन बंद ठेवून पेडल तीस-चाळीस वेळा दाबा म्हणजे साठलेलं प्रेशर संपेल, मग इग्निशन ऑन करून पंपाचा आवाज ऐका. पंप थोडा वेळ चालून थांबला पाहिजे. चालूच राहिला किंवा चाललाच नाही तर पंपाकडे बघा. आणि नंतर प्रत्येक वेळी पेडल दाबलं की लगेच पंप चालू होत असेल तर अ‍ॅक्युम्युलेटर गेलाय, तो पंप जाळायच्या आत बदला.

ब्रेक ऑइल कमी दिसलं तर नुसतं टॉप अप करून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की लेव्हल हळूहळू खाली जाते, तेवढंच असेल तर ठीक, नाहीतर कुठेतरी गळतंय. चाकांच्या आतल्या बाजूला आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबानं ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बूस्टरला जिथे मिळतो तिथे ओल आहे का बघा.

"बॅटरी काढून लावा"

यानं बिघाड जात नाही. कितीतरी मॉड्यूल बॅटरी काढल्यावरही साठवलेले बिघाडाचे कोड विसरत नाहीत, आणि जी विसरतात तिथे तुम्ही पुरावाच पुसून टाकता. त्यापेक्षा लाइट कधी लागते ते लिहून ठेवा, अर्धं निदान तिथेच होतं. चावी फिरवल्यापासून जातच नसेल तर बहुतेक वायरिंग, फ्यूज, रिले, मॉड्यूल असं इलेक्ट्रिकल काहीतरी. चावी फिरवल्यावर विझते पण गाडी थोडी चालली की परत लागते, तर चाकाच्या सिग्नलवर संशय घ्या. ब्रेक दाबल्यावरच लागत असेल तर पेडलचा स्विच किंवा हायड्रॉलिक युनिट (चाकांचं ब्रेक प्रेशर कमी-जास्त करणारा एबीएसचा भाग).

बॅटरीबाबत एक गोष्ट मात्र खरी आहे, व्होल्टेज कमी असेल तरी या लायटी लागतात. त्यासाठी मीटर लावा: गाडी बंद असताना 12.6 च्या आसपास, चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. आणि अर्थिंगच्या पट्ट्या बघा, जुन्या गाडीत त्या हिरव्या पडलेल्या असतात.

"सेन्सर बदला"

सेन्सर जातात हे खरं. पण कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं याचा अर्थ सेन्सरच मेला असा होत नाही, त्या सर्किटमधून नीट सिग्नल आला नाही एवढाच होतो. जुन्या गाड्यांतला पॅसिव्ह सेन्सर म्हणजे आत चुंबक आणि कॉइल, समोर दात असलेली रिंग फिरते आणि त्यातून बारीकसा एसी करंट तयार होतो. रिंग आणि सेन्सर यातलं अंतर वाढलं की सिग्नल कमी होतो. ते अंतर कशानं वाढतं? सेन्सरखाली गंज फुगून तो वर उचलला जातो, रिंगच्या खाली गंज धरतो, टोकाला लोखंडाचा चुरा चिकटतो, बेअरिंग ढिलं होऊन हलायला लागतं. यातल्या कशालाही नवीन सेन्सर हा इलाज नाही.

एक लक्षण लोक कायम चुकीचं वाचतात. गाडी अगदी हळू, थांबायच्या शेवटच्या एक-दोन मीटरला, कोरड्या रस्त्यावर, हलका ब्रेक, आणि पायाखाली पेडल थरथरतं, घरघर होते, एकही लाइट लागत नाही. सगळे डिस्क आणि पॅडच्या मागे लागतात. होतं असं की एका चाकाचा सिग्नल कमी स्पीडला इतका बारीक होतो की मॉड्यूलला वाटतं चाक लॉक झालं, आणि ते त्या चाकाचा ब्रेक सोडतं. गाडी थांबायच्या ऐवजी थोडी पुढे सरकते. अशा वेळी चाक काढून रिंगला क्रॅक आहे का बघा.

चेक करायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी स्टँडवर घ्या, सेन्सरचा कपलर काढा, पॅसिव्ह सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण 800 ते 2000 ओहममध्ये येतो, पण आकड्यापेक्षा चारही चाकांची तुलना महत्त्वाची. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हातानं सारख्या वेगानं फिरवा, तीन चाकं एकसारखी आणि चौथं निम्मं दाखवत असेल तर तुमचं चाक सापडलं. रीडिंग घेताना वायर हलवून बघा, विशेषतः सस्पेन्शन लिफ्ट केलेलं असेल तर, कारण वायर ताणली जाऊन आतून तुटते आणि वरून अख्खी दिसते. नंतरच्या गाड्यांत अ‍ॅक्टिव्ह सेन्सर असतात, त्यांनाही दोनच वायरी असतात, पण त्यांचा रेझिस्टन्स मोजायचा नसतो, मीटरनं खराब होऊ शकतात. आपल्या गाडीत कुठला आहे ते आधी मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी 2 वाल्यांसाठी मुद्दाम लिहितो. तिच्यात एबीएस, ट्रॅक्शन आणि हिल डिसेंट (उतारावर आपोआप ब्रेक लावून वेग आवरणारी सोय) या तिन्ही लायटी एकत्र लागतात, कारण तिन्हींचं डोकं एकच. तिथे सेन्सर हबसकट येतो, म्हणून लोक महागाचे हब बदलत सुटतात आणि लायटी तशाच राहतात, कारण बऱ्याच वेळा दोष एबीएस मॉड्युलेटरच्या, म्हणजे हायड्रॉलिक युनिटच्या, शटल व्हॉल्व्ह स्विचमध्ये किंवा त्याच्या आतल्या जोडणीत असतो. कोड वाचल्याशिवाय त्या गाडीच्या हबला हात लावू नका.

"स्कॅनरला काही दिसलं नाही म्हणजे काही नाही"

स्वस्तातला स्कॅनर इंजिनचे पी कोड वाचतो. एबीएसचे कोड सी ने सुरू होतात आणि जुन्या गाड्यांत ते वाचायला त्या कंपनीचा प्रोटोकॉल समजणारं टूल लागतं. बऱ्याच जुन्या टोयोटांत मात्र फुकट सोय आहे, डायग्नोसिस पोर्टच्या 4 आणि 13 नंबरच्या पिना वायरच्या तुकड्यानं जोडून इग्निशन ऑन केलं की एबीएसची लाइट लुकलुकून कोड सांगते. 31 ते 34 हे चार चाकांच्या सेन्सर सर्किटचे, 41 बॅटरी व्होल्टेजचा. पिना नीट मोजून घ्या, चुकीच्या जोडल्या तर महागात पडेल.

"ऑफरोडला एबीएस लागतंच कुठे"

सुट्या खडीवर एबीएसमुळे गाडी लांब जाऊन थांबते, कारण लॉक झालेलं चाक पुढे खडीचा ढीग जमवून थांबायला मदत करतं. हे मान्य. पण फ्यूज काढल्यावर ट्रॅक्शन कंट्रोलही जातं, आणि ज्या गाडीला डिफ लॉक (चाकांना एकत्र बांधून सारखं फिरवणारी सोय) नाही तिच्यात हवेत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे पाठवणारं तेच एक साधन आहे. डिस्कव्हरी 2 च्या सुरुवातीच्या गाड्यांत सेंटर डिफ लॉक (पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकत्र बांधणारा) टाकायला लिव्हरच नव्हता, सगळी भिस्त ट्रॅक्शन कंट्रोलवर. तिचा फ्यूज काढून नाल्यात उतरलात आणि एक चाक उचललं गेलं तर तेच चाक भिरभिरत राहील आणि बाकीची तीन ढिम्म. हिल डिसेंटही त्याच मॉड्यूलवर, तेही गेलं.

आणि फ्यूजला हात लावायच्या आधी एक बघा, काही गाड्यांत सेंटर डिफ लॉक केला की ट्रॅक्शन, स्टॅबिलिटी किंवा एबीएस आपोआप बंद होऊन लाइट लागते, तो बिघाड नसतो. लॉक सोडा, थोडं सरळ चालवा, लाइट गेली तर काही करायची गरज नाही, आणि लॉक सोडूनही राहिली तर लॉकचा स्विच गंजून अडकलाय का तो तपासा.