कोरियात येताय? आधी बारसं आटोपून या

सोलमध्ये बिऱ्हाड थाटायला निघालेल्या मराठी मंडळींसाठी चार हिताच्या गोष्टी सांगते. मालिका बघून बघून अर्ध्या कोरियन झालेल्या भाच्या-पुतण्यांनी या गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. फक्त लाल शाईने कुणाचं नाव लिहू नका, इथे लाल शाईतलं नाव म्हणजे त्या माणसाचं मरण चिंतणं.

खिडक्या लावून पंख्याखाली झोपू नका. माणूस सकाळपर्यंत मरतो, असं इथल्या जुन्या लोकांना लहानपणापासून सांगितलेलं आहे. अख्खा विदर्भ मे महिनाभर पंख्याखाली झोपून रोज सकाळी जिवंत उठतो, हे सांगून कुणाचा हिरमोड करू नका. थंडीत मात्र विजेवर तापणाऱ्या चटईवर रात्रभर खुशाल झोपा. त्याने म्हणे काही होत नाही.

लिफ्टमध्ये चारचं बटण शोधू नका. एफ दाबा, ‘फोर’मधला. कोरियनमध्ये चार आणि मरण यांचा उच्चार एकच, म्हणून चार म्हणजे मरण.

रक्तगट पाठ असू द्या. ए म्हणजे भिडस्त, ओ म्हणजे दिलखुलास, आणि बी गटाच्या मुलाशी लग्नच नको. हसू नका, आपण नाडी बघतो.

वय विचारलं तर आधी वकील गाठा. पूर्वी मूल जन्मतःच एक वर्षाचं असायचं आणि 1 जानेवारीला सगळा देश एकदम एका वर्षाने मोठा व्हायचा. म्हणजे 31 डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! 28 जून 2023 पासून कायद्याने सगळ्यांना जगासारखं वय दिलं. दारू आणि लष्करभरतीसाठी मात्र अजून जन्मसालच धरतात.

कांदा चिरण्यापूर्वी विचार करा. ओला कचरा आमच्या सोसायटीत यंत्रात टाकायचा. कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, यंत्र वजन करतं आणि ग्रॅमनुसार पैसे लावतं. पण कांद्याची सालं, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, कोंबडीची हाडं हा ओला कचरा नव्हे, कारण त्याचं जनावरांचं खाद्य होत नाही. ते सगळं पालिकेच्या विकतच्या पिशवीत जातं, आणि शेजारच्या वॉर्डातली पिशवी इथे चालत नाही. पिशवीची ही पद्धत 1995 पासूनची. मला हे आवडतं, खरंच. आपल्याकडे असं वजन सुरू झालं तर निम्मी लग्नं साधेपणाने होतील.

आता मुख्य सल्ला. नाव बदलून या. तीन अक्षरांचं घ्या, किम, ली किंवा पार्कपासून सुरू होणारं. इथे जवळपास 45 टक्के लोकांचं आडनाव या तिघांपैकीच एक असतं, त्यामुळे गर्दीत खपून जाल. माझ्यासारखं पासपोर्टवर आडनाव, मग नाव, मग नवऱ्याचं नाव अशी मालगाडी घेऊन आलात तर ती तापणारी चटई तुम्हाला ऑनलाइन मिळणार नाही. इथे काहीही विकत घ्यायचं तर आधी तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करावं लागतं. नाव, जन्मतारीख, मोबाईल नंबर भरायचा, तो फोन कंपनीच्या नोंदीशी जुळला तर एसएमएस येतो. माझ्या फोनच्या नोंदीत नाव आणि नवऱ्याचं नाव जोडून एकच शब्द झालाय. बँकेने नवऱ्याला वगळलंय. ओळखपत्रावर सगळं मोठ्या लिपीत, सुटं. एका वेबसाइटला मोकळी जागा चालत नाही, दुसरीला ती हवीच असते, तिसरीच्या रकान्यात आडनाव संपता संपता जागाच संपते. परवा चटईसाठी सगळे प्रकार करून पाहिले. ‘माहिती जुळत नाही.’ फोनच्या दुकानात गेले तर पोरगा म्हणाला, मधलं नाव कुणाचं? म्हटलं, नवऱ्याचं. मग ते तुमच्या नावात काय करतंय? (इथल्या बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत. त्या बाबतीत त्यांचं बरंच बरं.) नोंद बदलायची तर बँकेचा कागद आणा. बँक म्हणाली, आधी फोनवरून ओळख पटवा.

आणि हे नवीन नाही. 1999 मध्ये इथे सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्र आलं, आणि पुढे ऑनलाइन व्यवहाराला तेच लागायचं, तेही एकाच ब्राउझरमध्ये आणि ढीगभर प्रोग्रॅम टाकून. मार्च 2014 मध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनीच भर बैठकीत तक्रार केली, की आपल्या मालिकेतल्या नायिकेचा कोट परदेशी चाहत्यांना विकत घेता येत नाही. डिसेंबर 2020 मध्ये त्या प्रमाणपत्राची सक्ती गेली. म्हणजे माझ्याच फोनवर मीच असल्याची खात्री पटवायला आता फक्त एक एसएमएस उरला, आणि तोच येत नाही.

अहो, पंख्याला घाबरणाऱ्या आजीला काय हसायचं? तिने कुणाचं काही अडवलं नाही. अडवता तुम्ही, सुटाबुटातले, शिकलेसवरलेले. देशात 25 लाखांवर परदेशी माणसं राहतात, कर भरतात, तुमच्या कारखान्यांत आणि शेतांत राबतात, आणि तुमच्या फॉर्मला माणसाचं नाव तीन अक्षरांपलीकडे जाऊ शकतं हे ठाऊक नाही? रकाना लांब करायला कसली क्रांती लागते? ओळखपत्रावर तुम्हीच दिलेला तेरा आकडी नंबर आहे, तो बघा आणि जाऊ द्या माणसाला! आणि तिकडून ‘कोरिया किती पुढे आहे नाही?’ असं मला कुणी पाठवू नका. निदान थंडी संपेपर्यंत तरी नकोच.