टू-स्ट्रोकचं पेट्रोल आणि भाच्याचा पिस्टन

मागच्या रविवारी भर दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी बंद पडी गयी." अनेर नदीच्या पात्रात, वाळूत. मागचं चाक घासत थांबलं आणि किक जागची हलेना. मी विचारलं, "ऑइल कितलं टाकेल व्हतं?" म्हणे निम्मं. का? "मेसेजमां लिखेल व्हतं."

गाडी म्हणजे यामाहाची जुनी आरएक्स १००, टू-स्ट्रोक. मडगार्ड उंच केलेलं, गुट्ट्यांचे टायर, पुढचं स्प्रॉकेट लहान. चोपडा-शिरपूरकडची पाच-सहा पोरं अशाच गाड्या घेऊन नदीत आणि सातपुड्याच्या पायथ्याला फिरतात. तो मेसेज मी मागवून घेतला. 'टू-स्ट्रोक ६० चं ॲव्हरेज देणार, कंपन्या हे कधीच सांगणार नाहीत' असा मथळा. खाली म्हटलंय: फोर-स्ट्रोक इंजिन एकाआड एक फेरीला पेट्रोल जाळतं, ही गाडी दर फेरीला जाळते म्हणून दुप्पट पिते. उपाय म्हणून ऑइल निम्मं करा, कारण ऑइल जाळायलाच पेट्रोल खर्च होतं. सायलेन्सर कापा, इंजिन मोकळा श्वास घेईल. जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, लहान टाका. पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधा. टाकीत डांबरगोळी किंवा थोडं रॉकेल टाका. शेवटी अर्थातच 'दहा जणांना पाठवा'.

ऑइलपासूनच सुरू करतो, पाच हजारांचा खड्डा तिथंच पडलाय.

फोर-स्ट्रोकला खाली ऑइलची वेगळी टाकी असते, क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो तो दांडा, त्यातून न्हाऊन निघतो. टू-स्ट्रोकला ती सोय नाही. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या खोलीतच येतं आणि तिथून वर ढकललं जातं. म्हणजे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, पिस्टन, रिंगा, सगळ्यांना मिळणारं ऑइल एवढंच, पेट्रोलबरोबर आलेलं. ते निम्मं केलं की बेअरिंगचा घास निम्मा झाला.

आता त्या शहाण्याचा हिशोब बघू. चाळीसास एक प्रमाण, म्हणजे चाळीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, धरलं तर लिटरमागं ऑइल २५ मिली. एवढंसं ऑइल 'जाळायला' किती पेट्रोल लागणार होतं? उलट गंमत अशी, की जेटचं भोक तेवढंच राहतं. चाळीसास एक असताना लिटरभर मिश्रणात पेट्रोल असतं ९७६ मिली, ऐंशीस एक केलं तर ९८८. म्हणजे त्याच भोकातून सव्वा टक्का पेट्रोल जास्तच जातं! वाचवायला निघाले आणि वाढवून बसले. वर पिस्टन धरला, म्हणजे ऑइलवाचून सिलिंडरमध्ये चिकटून बसला, ते वेगळंच.

कोणी म्हणेल, केटीएमवाले साठास एक सांगतात. सांगतात ना. आणि यामाहा आपल्या वायझेड या शर्यतीच्या गाड्यांना तीसास एक सांगते. प्रत्येक आकडा त्या त्या इंजिनासाठी, त्या बेअरिंगसाठी आणि त्या प्रतीच्या ऑइलसाठी ठरवलेला असतो. हवेवर थंड होणारं तीस वर्षांपूर्वीचं इंजिन, वर बेचाळीस अंशांचं ऊन, खाली वाळू आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडवलेली गाडी. तिथं कंपनीचा आकडा सोडून मेसेजचा आकडा धरायचा?

'दर फेरीला जाळते म्हणून दुप्पट पिते' हे ऐकायला पटतं, पण कारण ते नाही. दुप्पट वेळा पेटली आणि दुप्पट काम केलं, तर किलोमीटरमागं खर्च तोच राहायला हवा. आरएक्सचं ९८ सीसीचं इंजिन ११ अश्वशक्ती द्यायचं. जवळपास तेवढ्याच सीसीची हिरो होंडा सीडी १०० द्यायची सात-साडेसात. ताकद जास्त, पण दुप्पट नाही. मधला घोटाळा कुठं होतो?

तो होतो सायलेन्सरच्या दाराशी. टू-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर काढायला वेगळा स्ट्रोकच नाही. नवीन मिश्रण आत येतं तेच जुन्या धुराला धक्का मारून बाहेर काढतं. त्या वेळी आत यायचं आणि बाहेर जायचं अशी दोन्ही दारं उघडी असतात. मग नव्यातलं काही सरळ बाहेर निघून जातं, न जळता. कार्ब्युरेटरच्या गाडीत पाव ते तिसरा हिस्सा पेट्रोल असं वाया जाऊ शकतं. लग्नाच्या पंगतीत उठणाऱ्यांच्या गर्दीबरोबर न जेवलेलेही बाहेर पडावेत, तसं. धुराच्या वासाला आपण 'टू-स्ट्रोकचा वास' म्हणून नाक वर करून हुंगतो, त्यात आपल्याच पैशाचं कोरं पेट्रोल असतं.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतून निघालेल्या एन्व्हायरोफिट या संस्थेनं फिलिपिन्समधल्या टू-स्ट्रोक तीनचाकी टॅक्सींना थेट इंजेक्शनचं किट बसवलं. इंजिन तेच, फक्त पेट्रोल बाहेरचं दार बंद व्हायच्या बेताला सिलिंडरमध्ये सोडायचं. पेट्रोलचा खर्च सुमारे ३५ टक्क्यांनी उतरला. गळत होतं ते किती आणि कुठून, याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नको. आपल्याकडं बजाजनंही २००७ साली थेट इंजेक्शनची टू-स्ट्रोक रिक्षा काढली होती. केटीएमनं २०१७ साली इंजेक्शनच्या टू-स्ट्रोक एंड्युरो, म्हणजे आडरानात पळवायच्या, गाड्या जाहीर केल्या. 'कंपन्या सांगत नाहीत' म्हणणाऱ्यानं एवढं तरी वाचायचं होतं. पण हे चुंबक बांधून होत नाही, त्याला इंजेक्टर, पंप आणि सेन्सर लागतात.

आता सायलेन्सर. याच्याइतका उफराटा सल्ला नाही. टू-स्ट्रोकचा तो फुगीर पोटाचा पाइप शोभेचा नाही. पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीचा वॉल्टर काडेन यानं १९५० च्या दशकात त्याचं शास्त्र बसवलं. निसटलेल्या मिश्रणाला पाइपातली दाबाची लाट उलटी फिरून पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे उघड्या दाराशी उभा केलेला राखणदारच तो. त्या विद्येची किंमत एवढी, की १९६१ साली काडेनचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पळून पश्चिमेला आला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ मध्ये सुझुकीनं ५० सीसीचं जगज्जेतेपद घेतलं. आणि आमची पोरं तो पाइप वेल्डिंगच्या दुकानात कापून आणतात. आवाज फाडफाड येतो, तेवढंच. रस्त्यावरची गाडी असेल तर पोलिसही थांबवतात.

जेटचं मात्र थोडं मान्य करावं लागेल, नाइलाज आहे. गरम हवा विरळ असते. भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत थंडीतलं जेट ठेवलं तर हवेच्या मानानं पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळा होतो. तोरणमाळला साधारण ११५० मीटरवर गेलात तरी तेच. तिथं एक नंबर लहान जेट टाकलं तर गाडी खरंच सुधारते. पण मेसेजवाला पुढचं सांगत नाही. तेच जेट ठेवून घाट उतरलात, किंवा धुळ्याच्या डिसेंबरातल्या पहाटे गाडी पळवलीत, तर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो आणि पुन्हा पिस्टन. प्लग चॉकलेटी दिसेल इतपतच हात लावायचा.

चुंबक, डांबरगोळी, रॉकेल यांवर किती लिहू? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं पेट्रोल वाचवणारी म्हणवणारी शंभरावर साधनं तपासली, लक्षात येण्याजोगा फरक पाडणारं एकही निघालं नाही. रॉकेलनं इंजिन खटखट वाजतं आणि तापतं. बास.

आता खरं ॲव्हरेज. हीच गाडी धड असताना बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर ३५-३८ द्यायची आणि नदीत २०-२२. वाळूत चाक फिरतं, गाडी सरकत नाही; अर्धा क्लच, लहान स्प्रॉकेट, वर सारखी मूठ पिळलेली. तिथं ६० कुठून आणायचे? एअर फिल्टर धुतला, टायरची हवा बघितली, चेन सैल नाही ना पाहिली, मूठ जरा आवरली तर तीन-चार किलोमीटर वाढतील. मेसेजला एवढ्यात मथळा मिळत नाही.

बॅरल, म्हणजे सिलिंडर, धुळ्याला बोअर करायला गेलाय, ओव्हरसाइज पिस्टनची वाट बघतोय. तोवर भाचा माझी स्प्लेंडर फिरवतो. काल चहाला आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मामा, हिले चुंबक लावं तर?"

किल्ली काढून घेतली.