तुम्ही डीसेंट आहात ना?

रविवारी कोथरूडमध्ये भाड्याचा फ्लॅट बघितला. घर आवडलं, डिपॉझिट ऐकून घशाला कोरड पडली, तरी हो म्हटलं. एजंट म्हणाला, "फक्त सेक्रेटरी काकांना भेटून घ्या. फॉर्मॅलिटी आहे."

काकांनी दार उघडलं ते बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत, खांद्यावर पंचा. बसा म्हणाले नाहीत.

"फॅमिली डीसेंट आहे ना?"

यावर माणूस काय सांगणार? मी "हो" म्हटलं. कुठल्याही भामट्यानं तेच सांगितलं असतं.

"नाही, आपली बिल्डिंग डीसेंट आहे म्हणून विचारतो. नॉनव्हेज?"

"कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"रविवारी."

"आज रविवार आहे," काका म्हणाले आणि माझ्या दिशेनं हुंगले. सकाळचे पोहे होते, पण वास देता येत नाही पुरावा म्हणून. "पाहुणे येतात?"

"येतात."

"रात्री राहतात?"

"सासूबाई राहतात."

"सासूबाई चालतील. डीसेंट असतात." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे.

घरी येऊन चिडून डिक्शनरी उघडली. मूळ लॅटिन, अर्थ शोभणं. आणि इंग्रजीत बंद दाराबाहेरून 'आर यू डीसेंट?' असं विचारतात ते आतल्या माणसाच्या अंगावर कपडे आहेत ना, एवढ्याचसाठी! म्हणजे त्या दारात हा प्रश्न विचारायचा हक्क खरं तर माझा होता.

आपल्याकडे मात्र हा शब्द काय काय ओढतो! साडीच्या दुकानात 'डीसेंट कलर दाखवा' म्हटलं की बिस्किटी निघतो. डीसेंट पगार म्हणजे आकडा सांगायला लाज वाटणार नाही इतका. स्थळ डीसेंट म्हणजे मुलगा फार बोलत नाही. पूर्वी या कामाला 'पांढरपेशा' होता. त्यात निदान कपड्यांचा उल्लेख तरी होता. आता डीसेंट म्हणजे जो डोळ्यांत येत नाही, नाकात जात नाही आणि जिन्यात आवाज करत नाही तो. असा माणूस घरभाडं तरी कशाला भरेल, तो जवळजवळ नसतोच.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ मला पाठ झालंय: करार लेखी हवा, नोंदणी झालेली हवी, आणि ती करून घेणं मालकाचं काम. सासूबाई, मटण, डीसेंटपणा, काही नाही त्यात. पण कलम दाखवणाऱ्याला घर कोण देतं? कलम दाखवणं डीसेंट नाही.

आणि आडनाव विचारायचं असतं, जात विचारायची असते, धर्म विचारायचा असतो. तोंडानं विचारणं बरं दिसत नाही, म्हणून हा गुळगुळीत शब्द. आम्ही त्यातून सुटलो, कारण आडनाव एजंटनं आधीच कळवलं होतं.

निघताना काका खुशीत आले. म्हणाले, "तुमच्या आधी दोन मुली आल्या होत्या. नर्स. मी नाही म्हटलं."

"का हो?"

"मुली चांगल्या होत्या. पण रात्रपाळी. रात्री-बेरात्री येणार-जाणार. लोक विचारतात."

"कोण लोक?" बायकोनं विचारलं.

काकांनी पंचा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "आता मीच विचारतो ना!"