काँक्रीट काढा, पण भेग शोधून

म्युनिकमध्ये बसून नाशिकच्या बातम्या वाचताना एक वाद दर काही महिन्यांनी वर येतो. रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाचं काँक्रीट काढायचं की ठेवायचं? गोदाप्रेमी म्हणतात, खाली जिवंत झरे गाडले गेलेत. समोरचे म्हणतात, 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय, भाविकांची सुरक्षितता आधी.

मी काँक्रीट काढण्याच्या बाजूचा आहे. फक्त त्यासाठी इथल्या इसार नदीचा दाखला देऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. 2000 ते 2011 या काळात म्युनिकने शहरातली 8 किलोमीटर इसार बांधीव काठांतून मोकळी केली, तिचे फोटो गावाकडून मलाच पाठवले जातात! पण म्युनिक वाळू-गोट्यांच्या जाड थरावर वसलंय. तिथे पाणी बहुतेक कुठेही मुरतं.

नाशिकखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. त्याच्या अखंड काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पाणी शिरत नाही. ते भेगांतून, सच्छिद्र थरांतून आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यातून वाट काढतं. जुन्या विहिरीत उन्हाळ्यात वाकून पाहा: अख्खी भिंत कोरडी, आणि लाल मातीच्या एका पट्ट्याच्या वर तेवढी ओल, तिथेच शेवाळ. कुंडातला झराही असाच नेमक्या जागी फुटतो. ती जागा घाटावरच्या जुन्या पुरोहितांना, जीवरक्षकांना विचारा. थंडीत पहाटे पाण्याचं तापमान मोजा. झऱ्याचं पाणी नदीपेक्षा कोमट लागतं.

यापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. भूजलाची पातळी नदीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असेल तरच भेगेतून पाणी वर येतं. बोअरवेलच्या उपशाने ती खाली गेली असेल, तर तीच भेग नदीचं पाणी आत ओढेल, सांडपाण्यासकट. बेसाल्टच्या भेगा वाळूसारख्या पाणी गाळत नाहीत. म्हणजे आधी नाले बंद, मग फोडणं. आणि वर, गोदावरी जिथे उगम पावते त्या ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे डोंगर फोडत राहिलो, तर मुरायला जागा कुठे उरणार? 2021 मध्ये नाशिककर त्याविरुद्ध उभे राहिले, ते याच लढ्याचं अंग आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने घाटालगतच्या चार-दोन विहिरींची पातळी आत्तापासून दर आठवड्याला मोजावी आणि आकडे रामकुंडावरच फळ्यावर लावावेत. पहिला हातोडा त्यानंतर.